‘अफीएमी’: ऋण सोडणे आणि पापांची क्षमा

प्रश्न थोडक्यात असा आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत (मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही बायबलच्या नव्या करारातली येशूची चार चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं) मत्तयाकडे ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ असं येतं आणि लूककडे त्याच जागी पापांची क्षमा येते. मूळ ग्रीकमध्ये क्रियापदं दोन आहेत की एकच? आणि एकच असेल, तर कोशात त्याच्यापुढे ‘टाकून जाणे’, ‘परवानगी देणे’, ‘बायको सोडणे’ असे अर्थ कसे काय दिलेले असतात?

क्रियापद एकच आहे: ‘अफीएमी’. ‘अपो’ म्हणजे दूर (आपल्या संस्कृत ‘अप’चा सख्खा भाऊ) आणि ‘हीएमी’ म्हणजे धाडणे, सोडणे. ‘प’ला पुढचा ‘ह’ मिळाला की ‘फ’ होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा धात्वर्थ ‘आपल्यापासून दूर जाऊ देणे’. नव्या करारात हे क्रियापद सुमारे १४० वेळा येतं आणि ‘क्षमा करणे’ हा अर्थ त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच लागतो. बाकी ठिकाणी अगदी रोजच्या व्यवहारातलं सोडणं.

हे पाहायला मार्कचा पहिला अध्याय पुरेसा आहे. शिमोन आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे जातात (१:१८): अफीएमी. जब्दीचे मुलगे बापाला गड्यांबरोबर मचव्यात सोडून निघतात (१:२०): तेच. शिमोनाच्या सासूचा ताप उतरतो (१:३१), तिथे ग्रीक शब्दशः म्हणतं की तापाने तिला सोडलं. येशू भुतांना बोलू देत नाही (१:३४), तेही अफीएमीच, नकारार्थी. मग दुसरा अध्याय सुरू होतो, छत उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात, आणि येशू म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे (२:५). पुन्हा तेच क्रियापद. जाळी, बाप, ताप, बोलण्याची मुभा आणि पाप, सगळं पन्नासेक ओव्यांच्या आत. मराठी वाचकाला ही साखळी दिसतच नाही, कारण प्रत्येक ठिकाणी मराठीला स्वाभाविक असा वेगळा शब्द येतो. यात भाषांतरकारांचा दोष नाही. ‘पापे उतरली’ म्हणून कसं चालेल?

तरीही मराठी माणसाला हे क्रियापद समजायला इतरांपेक्षा सोपं जावं, कारण आपलं ‘सोडणे’ जवळजवळ तितकंच ऐसपैस आहे. गाव सोडतो, नोकरी सोडतो, कैदी सोडतो, बाण सोडतो, प्राण सोडतो, ‘खोकला काही सोडत नाही’ म्हणतो. नवरा बायकोला सोडतो आणि कागदावर सोडचिठ्ठी देतो. ‘सोड, जाऊ दे’ म्हणून विषय मिटवतो. अफीएमीचंही असंच. जुन्या ग्रीकमध्ये भाला अफीएमी करतात, गुलाम करतात, आरोपीला करतात. मत्तय २७:५०मध्ये येशू प्राण सोडतो, तिथे हेच क्रियापद आहे. मार्क १५:३७मध्ये त्याच प्रसंगी तो मोठ्याने ओरडतो, तर ग्रीकमध्ये आवाजही सोडतो. करिंथकरांना लिहिताना (पहिलं पत्र, ७:११ ते १३) प्रेषित पौल नवऱ्याने बायकोला सोडू नये म्हणतो आणि पुढे बायकोनेही नवऱ्याला सोडू नये म्हणतो, दोन्हीकडे अफीएमी. शुभवर्तमानांत मात्र घटस्फोटाला ‘अपोलीओ’ हे दुसरं क्रियापद येतं. येशूऐवजी बरब्बा या कैद्याला सोडलं तेही तेच.

पाणीसुद्धा. अफीएमीवरून बनलेलं नाम ‘अफेसिस’. इजिप्तमधल्या ग्रीक पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लिखाणांत, कालव्याचं पाणी सोडण्याला हा शब्द वापरलेला सापडतो. आणि जुन्या कराराचं इजिप्तमधल्या यहुद्यांनी केलेलं जे ग्रीक भाषांतर, सेप्तुआगिंत, त्यात योएल १:२०मध्ये दुष्काळाने ‘पाण्याच्या अफेसिस’ आटल्या असं येतं. पाटाला पाणी सोडणाऱ्या शेतकऱ्याला या ओळीवर टीप लागणार नाही.

आता ऋणाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

‘क्षमा करणे’ हा अर्थ या क्रियापदाला मनातून आलेला नाही, वहीखात्यातून आणि कचेरीतून आलेला आहे. रोझेटा शिळा तुम्हाला ठाऊक असेल, १७९९ साली सापडलेली, तीन लिप्यांतली, चित्रलिपी उलगडायला जिचा उपयोग झाला ती. तिच्यावरचा मजकूर इसवी सनपूर्व १९६चा, पाचव्या टॉलेमी राजाच्या गौरवाचा. त्याच्या ग्रीक भागात म्हटलंय की राजाने इजिप्तमधल्या महसुलापैकी आणि करांपैकी काही पूर्णपणे ‘अफेकेन’, म्हणजे अफीएमी केले, आणि काही हलके केले. सारामाफीच ही! सेप्तुआगिंतचं भाषांतर ज्या देशात झालं, तिथल्या सरकारी ग्रीकमध्ये हा शब्द असा रुळलेला होता.

म्हणूनच जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात दर सात वर्षांनी कर्जं सोडून देण्याची जी आज्ञा आहे तिला त्या भाषांतरकारांनी ‘अफेसिस’ म्हटलं, आणि लेवीय २५:१०मधल्या पन्नासाव्या वर्षाच्या मोकळिकीलाही, ज्यात विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाते, ‘अफेसिस’च म्हटलं. दोन वेगळे हिब्रू शब्द, ग्रीक एकच. शिवाय पापाबद्दलच्या हिब्रू क्रियापदांनाही त्यांनी बऱ्याचदा अफीएमीच लावलं. एक ‘नासा’, उचलून नेणे. योसेफाचे भाऊ उत्पत्ती ५०:१७मध्ये ज्याने क्षमा मागतात ते. दुसरं ‘सालाख’, ज्याचा कर्ता हिब्रू शास्त्रात फक्त देवच असतो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे पंडित) जे कुरकुरतात, ‘एका देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो?’, त्यामागे हा सगळा वापर आहे. आणि लेवीय १६:१०मध्ये लोकांच्या पापांसाठी जो बकरा रानात सोडतात, त्या सोडण्यालाही ग्रीकमध्ये अफीएमी आहे. तिथे तर पाप आणि जनावर दोन्ही एकदमच सुटतात.

यात आणखी एक भाषा मिसळा. येशू बोलत होता ती अरामी. तिच्यात ‘होबा’ या शब्दाचा अर्थ कर्जही होतो आणि अपराधही. मत्तयाने प्रार्थनेत कर्जाचा शब्द ठेवला, ‘ओफेइलेमाता’. लूकने पहिल्या अर्ध्यात ‘पापे’ केलं, पण दुसऱ्या अर्ध्यात (११:४) ‘आमचं देणं लागणाऱ्या प्रत्येकाला’ असा देणेकऱ्यांचा उल्लेख तसाच ठेवला. म्हणजे मूळ हिशेबाची भाषा लूककडेही पुसली गेलेली नाही.

मग मराठीत एकीकडे ‘सोड’ आणि दुसरीकडे ‘क्षमा कर’ का? माझ्या मते उत्तर मराठीच्या व्याकरणात आहे. ऋण सोडता येतं: सावकार व्याज सोडतो, मुद्दलही सोडतो. पण ‘पापे सोड’ म्हटलं की मराठीत अर्थ उलटाच होतो, ‘पापे करणं थांबव’. आता ही विनंती देवाला करायची म्हणजे पंचाईतच. बरं, कर्म बदलून ‘आम्हांला सोड’ म्हणावं, तर तो आपल्याला वाऱ्यावर सोडेल! ग्रीकमध्ये जी वस्तू सुटते ती कर्म आणि ज्याच्यावरची सुटते तो चतुर्थीत, अशी बांधणी पापालाही बिनतक्रार चालते. आपल्याकडे ती फक्त देण्याघेण्याला चालते. त्यामुळे मत्तयाच्या भाषांतरकाराला अस्सल मराठी क्रियापद हाताशी मिळालं आणि लूकच्या भाषांतरकाराला संस्कृत ‘क्षमे’कडे वळावं लागलं. ‘क्षमा’ मुळात सहन करणं आहे, म्हणून तर पृथ्वीचंही ते नाव. सुंदर शब्द, पण जातकुळी वेगळी. अफीएमीमध्ये सोसणं नाही, हक्क सोडणं आहे.

खरं तर दोन्हीकडे बसेल असा एक शब्द आपल्याकडे आहे आणि तो अरबीतून फारसीमार्गे आलाय: माफ. कर्ज माफ, सारा माफ, शिक्षा माफ, गुन्हा माफ. ‘कर्जमाफी’ रोज छापणाऱ्या वर्तमानपत्रांना आपण प्रार्थनेतलं क्रियापद वापरतोय याची कल्पना नसेल. उपासनेच्या भाषेत हा शब्द आणला तर कुणाला खटकेल, ते मी समजू शकतो. अर्थाच्या दृष्टीने मात्र माझं मत त्यालाच.

प्रार्थनेतली एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. मराठीत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असं भूतकाळी आहे. हे जुन्या हस्तलिखितांतल्या ‘अफेकामेन’ या रूपाला धरून आहे: आम्ही सोडून मोकळे झालो, आता तू सोड. पुष्कळ नंतरच्या हस्तलिखितांत मत्तयातही ‘आम्ही सोडतो’ असं वर्तमानकाळी रूप येतं, आणि लूककडे तर वर्तमानकाळच आहे.

या क्रियापदाचा विरुद्धार्थी शब्द पाहिला की त्याचा स्वभाव आणखी कळतो. तो आहे ‘क्रातेओ’, घट्ट धरणे. योहान २०:२३मध्ये ही जोडी समोरासमोर उभी आहे: ज्यांची पापे तुम्ही सोडाल त्यांची सुटतील, ज्यांची धरून ठेवाल त्यांची धरलेली राहतील. मार्क ७:८मध्येही तीच जोडी, पण तिथे टोमणा आहे: देवाची आज्ञा सोडता आणि माणसांचा संप्रदाय धरून बसता. आणि मत्तय १८मधल्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत, ती अशी येते की लेखकाने मुद्दाम मांडली असावी असं वाटतं. एक चाकर राजाचं दहा हजार तालांत देणं लागतो. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि मत्तयाच्याच विसाव्या अध्यायाप्रमाणे दीनार ही मजुराची दिवसभराची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! राजाला कळवळा येतो, तो त्या माणसाला मोकळं करतो (अपोलीओ) आणि त्याचं कर्ज सोडतो (अफीएमी). एकाच वाक्यात दोन क्रियापदं, एक माणसासाठी, एक कर्जासाठी. तोच चाकर बाहेर पडतो, शंभर दीनारांचा देणेकरी सोबती दिसतो, आणि हा त्याला काय करतो? ‘क्रातेसास’, धरतो, आणि गळा दाबू लागतो. दाखल्याच्या शेवटी येशू म्हणतो की आपल्या भावाला ‘मनापासून’ क्षमा करा. ‘मनापासून’ हे वेगळं जोडावं लागलं, कारण नुसत्या क्रियापदात मन येत नाही. कर्ज कुढत कुढतही सोडता येतं.

मनाचा ओलावा ज्यात आहे ते क्रियापद निराळं, ‘खारीझोमाई’. त्यात ‘खारिस’, म्हणजे कृपा, आहे. पौलाला तेच जवळचं वाटतं. पापांच्या क्षमेबद्दल अफीएमी तो रोमकरांस ४:७मध्ये वापरतो, आणि तेही स्तोत्रातलं अवतरण म्हणून.

कोर्टातलं अफीएमीही विसरू नका. अथेन्सच्या कायद्यात एक तरतूद होती, तिथला वक्ता देमोस्थेनीस याच्या एका भाषणात ती येते: मरणाऱ्या माणसाने मरण्यापूर्वी स्वतःच मारेकऱ्याला त्या खुनातून ‘सोडलं’, तर नातेवाइकांना खटला चालवता येत नाही. हे वाचल्यावर लूक २३:३४ची आठवण आल्याशिवाय राहत नाही, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’. तिथेही क्रियापद हेच. ही ओवी काही फार जुन्या हस्तलिखितांत नाही, त्यामुळे तिच्यावर वाद आहे. आणि अथेन्सचा कायदा लूकच्या डोक्यात होता असं मी मुळीच म्हणत नाही. फरकही आहे: तिथे मरणारा स्वतः सोडतो, इथे तो बापाला सोडायला सांगतो.

तुमच्या प्रश्नात लूक ४:१८चाही उल्लेख होता. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचं पुस्तक उघडून वाचतो, तिथे बंदिवानांची सुटका आणि ठेचलेल्यांना मोकळं करणं या दोन्ही ठिकाणी ग्रीक शब्द अफेसिस आहे. हाच लूक शेवटच्या अध्यायात (२४:४७) पापांची अफेसिस म्हणतो. मराठीत एकीकडे सुटका आणि दुसरीकडे क्षमा आल्यामुळे दुवा तुटतो. निदान ‘सुटका’ मात्र योग्य घराण्यातली आहे: तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, तसं सुटणे-सोडणे.

‘विसरणे’ असा अर्थ निघतो का, असंही विचारलंत. नाही. ‘त्यांची पापे मी यापुढे आठवणार नाही’ असं जिथे आहे (इब्री ८:१२, यिर्मयाच्या आधाराने), तिथे आठवण्याचं स्वतंत्र क्रियापद आहे.

या क्रियापदाचं पुढे काय झालं तेही सांगतो. मत्तय ७:४मध्ये ‘तुझ्या डोळ्यातलं कुसळ मला काढू दे’ यातलं ‘दे’ म्हणजे ‘अफेस’, अफीएमीचं आज्ञार्थी रूप, पुढे दुसरं क्रियापद घेऊन आलेलं. हेच झिजत झिजत आजच्या ग्रीकमध्ये नुसतं ‘आस’ राहिलं: ‘आस पामे’ म्हणजे ‘चला, जाऊ या’. मूळ क्रियापदाचं आजचं रूप ‘आफीनो’, त्याचं बोलीतलं आज्ञार्थी ‘आसे’. अथेन्समध्ये कुणाला ‘काय, कसं चाललंय?’ विचारा, वैतागलेला असेल तर हात झटकून म्हणेल, ‘आसे!’ म्हणजे सोड, विचारू नकोस.