वार पडायची वाट पाहू नका

प्रश्न : आमच्याकडे चार बेरारी बकऱ्या आहेत. पौषात एक बकरी रात्री अकराला व्याली, जुळी झाली. सासूबाई म्हणाल्या, "वार पडल्याबिगर चीक पाजू नोको." वार पहाटे पडली. पाहतो तर एक पिल्लू थंडगार, मान टाकलेलं. चुलीजवळ ठेवून गुळाचं पाणी पाजलं, तर झटके येऊन गेलं. दुसरं चांगलं आहे. गूळ देऊनही असं का झालं?
— एक वाचक भगिनी, तालुका घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. असंच एक गारठलेलं पिल्लू मी स्वतः शेकोटीजवळ धरलं होतं, आणि ते माझ्या हातात झटके देत गेलं. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

पोटात असताना पिल्लाला साखर आईच्या रक्तातून, वारेवाटे मिळते. त्यामुळे स्वतः साखर बनवायचं त्याच्या यकृताचं काम जवळजवळ बंदच असतं. शेवटच्या दिवसांत यकृत थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, ती काही तासांची शिदोरी. नाळ तुटली की रक्तातली साखर उतरते, रक्तातली साखर खाली आणणारं इन्सुलिन हे संप्रेरक कमी होतं, ती वाढवणारी ग्लुकागॉन आणि अॅड्रेनॅलिन ही संप्रेरकं वाढतात, आणि त्या इशाऱ्यावर यकृत कामाला लागतं. १९६७ मध्ये बॅलार्ड आणि हॅन्सन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की साखर बनवायला लागणारं पेपसीके नावाचं एक विकर (एन्झाइम) गर्भाच्या यकृतात नसतंच, ते जन्मानंतर उगवतं. बकरीच्या गर्भात अशी विकरं थोडीफार आधीच असतात, पण खरं काम तिथंही जन्मानंतरच सुरू होतं.

साखर बनते ती लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि ग्लिसरॉल यांपासून. पण ते काम चालायला चरबी जळावी लागते. तिच्यातून यकृताला ताकद मिळते आणि साखर बनवायची पहिली पायरीही तीच सुरू करून देते. ही चरबी चिकात भरपूर असते. म्हणजे वार पडेपर्यंत चीक अडवला, की शिदोरी संपत आलेली असताना आपण यकृताचं जळणच काढून घेतो. वर पौषातली थंडी, आणि ओलं अंग ऊबदार ठेवायलाही साखर-चरबीच जळते. दुसऱ्या पिल्लानं बहुधा अंधारात आचळ धरलं असावं.

चीक पाजल्यानं वार अडकत नाही. उलट पिल्लू ओढू लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदत होते. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांनीही काळजीपोटीच म्हटलं होतं.

आता गूळ. गुळातली मुख्य साखर म्हणजे सुक्रोज, आणि ती फोडणारं विकर रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात नसतं. तुम्ही पाजलेल्या गुळातला बराचसा भाग पिल्लाच्या रक्तात पोचलाच नसणार. शिवाय मान टाकलेल्या पिल्लाला तोंडानं काहीच पाजू नये, ते फुफ्फुसात जातं.

पुढच्या वेळी असं करा. व्याल्याबरोबर पिल्लू पुसून कोरडं करा आणि तासाभरात चीक पाजा. दोन किलोच्या पिल्लाला एका वेळी साधारण १०० मिली, दिवसभरात ४०० मिलीपर्यंत. गारठलेलं दिसलं तर गुदद्वारात थर्मामीटर लावा. ३९ च्या आसपास हवं. ३७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं असेल आणि जन्माला पाच तास उलटले असतील, तर आधी साखर, मग शेक. शेकानं शरीर जागं होतं, साखरेची मागणी वाढते आणि रक्तात ती नसते, म्हणून झटके येतात. ही साखर डॉक्टरांकडूनच पोटाच्या पोकळीत द्यायची असते : २० टक्क्यांचं कोमट ग्लुकोज, किलोला १० मिली. पाच तासांच्या आतलं पिल्लू असेल तर शेका, आणि मान धरू लागलं की चीक पाजा.

वाचलेलं पिल्लू आता कुटार चघळू लागलं असेल. त्याच्या पोटातल्या कोठ्यात जंतू वाढतील, चाऱ्यातून प्रोपिओनेट नावाचं आम्ल बनवतील आणि यकृत त्यापासून साखर घडवेल. मोठ्या बकरीला चाऱ्यातून तयार ग्लुकोज जवळजवळ मिळतच नाही. ती जन्मभर आपली साखर आपणच बनवते. पिल्लाचा कोठा त्यासाठी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून दूध एकदम तोडू नका, दोन महिने तरी चालू ठेवा.