'करण्यात आले'च्या जागी माणूस लिहा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच प्रकरण आठवलं. वारस नोंदीचा अर्ज दिलात, 'आपल्या अर्जावर नियमानुसार कार्यवाही करण्यात आली आहे' असं पत्र आलं, सातबाऱ्यावर नाव मात्र नाही. आता तुमच्या तक्रारीतही 'अर्ज सादर करण्यात आला, नोंद घेण्यात आली नाही' हीच भाषा उतरलीय, ती सरळ कशी करायची असं विचारलंत.

आम्हाला एका कार्यालयाने (नाव घेत नाही) एका ओळीत कळवलं होतं, 'प्रकरण निकाली काढण्यात आले आहे.' खाली न वाचता येणारी सही. नाव नाही, पद नाही. खालचे म्हणत वर पाठवलंय, वरचे म्हणत आमच्याकडे आलंच नाही. आईचं नाव न लागल्यामुळे पीककर्ज मिळालं नाही, खरीप तसाच गेला. त्या ओळीचा राग अजून आहे, कारण फेरफारात (सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या नोंदीत) दोन वेगळी माणसं असतात. नोंद धरतो तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), आणि नोटिशीची मुदत संपल्यावर ती मंजूर की नामंजूर ते ठरवतो मंडळ अधिकारी. 'करण्यात आले' म्हटलं की काम कोणाच्या टेबलावर अडलंय ते कळायची सोयच उरत नाही.

म्हणून प्रत्येक वाक्याला 'कोणी?' विचारा. 'नोंद घेण्यात आली नाही' याचं एक तर 'तलाठ्यांनी फेरफार धरला नाही' असं होईल, नाहीतर 'मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली नाही' असं. दोन्ही तक्रारी पूर्ण वेगळ्या आहेत. 'अर्ज सादर करण्यात आला' काढून 'मी अमुक तारखेला अर्ज दिला, आवक क्रमांक अमुक' लिहा. माणसाचं नाव टाळा, पद लिहा. बदल्या होत राहतात. आणि कोणी केलं ते खरंच माहीत नसेल तर वाक्य तसंच राहू द्या, अंदाजाने कोणावर ढकलू नका.

कोणी म्हणेल, 'तलाठ्यांनी नोंद घेतली' हाही व्याकरणात कर्मणी प्रयोगच. बरोबर आहे, क्रियापद 'नोंद'प्रमाणे चालतं. पण कर्ता वाक्यात हजर आहे, आपलं काम तेवढ्यावर भागतं.

कर्ता माहीत नसेल तर माहिती अधिकारात मागा: 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने कोणता शेरा लिहिला, त्याची प्रत द्यावी.' महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळे 'करण्यात यावे'ला तिथे जागाही नसते. माहिती नाकारली तर २००५ च्या कायद्याच्या कलम ७(८) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण, हे त्यांना लिहून द्यावंच लागतं.

मी वकील नाही. भावकीतून हरकत आली असेल तर मसुदा वकिलाला दाखवूनच पाठवा. आणि पोच घेताना शिक्क्यावरची तारीख वाचता येते का ते तिथेच बघा; पुसट असेल तर दुसऱ्यांदा मारून घ्या.