वाचकांचे प्रश्न : लहान व्यवसायाचे संकेतस्थळ

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे लहान व्यवसायांच्या संकेतस्थळांविषयी आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जात असे. अलीकडे पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन थेट पेट्या पाठवतो. आता संकेतस्थळ करावे असा मुलांचा आग्रह आहे. एका व्यावसायिकाने हलती चित्रे, पार्श्वसंगीत आणि ऑनलाइन पेमेंट यांसह मोठे अंदाजपत्रक दिले आहे. फेसबुकवर पान असताना संकेतस्थळ हवेच का, आणि हवे असल्यास त्यात काय असावे? — एक बागायतदार, देवगड

उत्तर : संकेतस्थळ हवे, अंदाजपत्रकातील बहुतेक गोष्टी मात्र नकोत. पार्श्वसंगीत तर मुळीच नको, कारण कार्यालयात बसून चोरून आंब्याचा भाव पाहणारा ग्राहक ते वाजू लागताच पान बंद करतो.

व्यावसायिकाला होकार देण्यापूर्वी गेल्या हंगामातील व्हॉट्सॲपची संभाषणे उघडून बसा आणि ग्राहकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. पेटीत किती डझन असतात, एका फळाचे वजन किती ग्रॅम, आंबा तयार येतो की कच्चा, कच्चा आल्यास तो घरी कसा पिकवायचा, नागपूरला पोचवता का, पोचायला किती दिवस लागतात, वाहतुकीचा खर्च भावात धरला आहे की वेगळा, आणि फळ खराब निघाले तर काय, असे साधारण दहा-बारा प्रश्नच पुन्हापुन्हा आलेले दिसतील. या प्रश्नांची नेमकी उत्तरे हाच आपल्या संकेतस्थळाचा मजकूर होय. ‘निसर्गरम्य कोकणच्या कुशीतून थेट आपल्या दारी’ असली वाक्ये शेजारच्या बागायतदाराच्या पानावरही असतात, आणि ती वाचून कोणी पेटी मागवत नाही.

यांपैकी फळ खराब निघण्याच्या, म्हणजे साक्याच्या (गरात तयार होणाऱ्या पांढरट, स्पंजासारख्या भागाच्या) प्रश्नाला टाळू नका. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापल्यावर आत साका निघतो, हे आपल्याला जितके ठाऊक आहे तितकेच जुन्या ग्राहकालाही ठाऊक आहे. नव्या ग्राहकाला मात्र ती फसवणूक वाटते. साका म्हणजे काय, तो बाहेरून का ओळखता येत नाही, कापलेल्या फळाचे छायाचित्र किती दिवसांत पाठवावे आणि त्यानंतर आपण पैसे परत देता की पुढच्या पेटीत फळे वाढवून देता, हे चार वाक्यांत स्पष्ट लिहा. एवढ्या एका परिच्छेदाने जो विश्वास बसतो, तो ‘शंभर टक्के खात्री’च्या शिक्क्याने बसत नाही. पिकवण्याविषयीही असेच मोकळेपणाने लिहा. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळे पिकवण्यास आपल्या देशात कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे नुसते ‘कार्बाइडमुक्त’ लिहिणे म्हणजे आपण कायदा पाळतो एवढेच सांगणे झाले. त्याऐवजी आपण गवताच्या अढीत फळ कसे पिकवता, पेटी घरी आल्यावर ती उघडून फळे कशी मांडावीत आणि पूर्ण पिकण्याआधी ती फ्रिजमध्ये का ठेवू नयेत, हे छायाचित्रांसह दाखवा.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंदणी झाली असेल, तर प्रमाणपत्राचा क्रमांक पहिल्याच पानावर द्या. झाली नसेल, तर ती होईपर्यंत बोधचिन्ह लावू नका.

पैसे स्वीकारण्याच्या व्यवस्थेची घाई नको. पेमेंट गेटवे घेतला की प्रत्येक व्यवहारामागे साधारणतः दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि त्यावर वस्तू व सेवा कर जातो. शिवाय अटी, परतावा आणि गोपनीयता यांची पाने तयार असल्याखेरीज गेटवे कंपन्या खाते सुरू करत नाहीत. आपल्याकडे माल मर्यादित असतो आणि तो कधी उतरेल हे हवामानावर ठरते. म्हणून पहिल्या हंगामात नाव, पत्ता, पिनकोड, हवी ती पेटी आणि हव्या त्या आठवड्याची नोंद घेणारा साधा फॉर्म ठेवा. माल निघण्याच्या आदल्या दिवशी ग्राहकाला फोन करा आणि यूपीआयवर पैसे घ्या. दिवसाला येणाऱ्या मागण्या फोनवर आवरेनाशा झाल्या की मग गेटवेचा विचार करावा.

मात्र संकेतस्थळावरून विक्री सुरू झाली की ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आपल्यालाही लागू होतात, याचे भान ठेवा. व्यवसायाचे कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण करणाऱ्या व्यक्तीचे नाव पानावर असावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचा निपटारा एका महिन्यात करावा लागतो. घरचीच एखादी व्यक्ती हे काम सांभाळू शकते, पण तिचे नाव पानावर हवे. ताज्या आंब्याबरोबर आमरस, लोणचे किंवा आंबापोळी विकणार असाल, तर अन्नसुरक्षा नोंदणी आणि वस्तू व सेवा कराविषयी आपल्या कर सल्लागाराशी आधी बोलून घ्या, कारण ताज्या फळाला लागू असलेल्या सवलती प्रक्रिया केलेल्या मालाला तशाच लागू होत नाहीत.

आता फेसबुकविषयी. ते पान चालू ठेवा, परंतु मुख्य पत्ता स्वतःचाच असू द्या. गूगलने आपल्या व्यवसाय-नोंदीसोबत दुकानदारांना एका पानाचे संकेतस्थळ फुकट बनवून देण्याची सोय ठेवली होती. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. जून महिन्यापर्यंत जुना पत्ता टाकणाऱ्यांना गूगलवरील नोंदीकडे वळवले जात होते, त्यानंतर तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता पाट्यांवर आणि पेट्यांवर छापून घेतला होता, त्यांच्या हाती छापील कागद तेवढे उरले.

आणखी एक सूचना हंगामाबाबत आहे. आंबा संपला की जूनमध्ये पान काढून टाकणे आणि फेब्रुवारीत नव्या पत्त्यावर नवे पान उघडणे, ही बऱ्याच बागायतदारांची पद्धत आहे. त्यामुळे जुन्या पानाला शोधयंत्रांत मिळालेले स्थान दरवर्षी वाया जाते. पान तेच आणि त्याच पत्त्यावर ठेवावे, पावसाळ्यात त्यावर ‘यंदाचा हंगाम संपला, पुढील हंगामासाठी नाव नोंदवा’ एवढी ओळ आणि फॉर्म असला तरी पुरे.

प्रश्न : आमच्या बेदाण्याच्या व्यवसायाचे संकेतस्थळ एका ओळखीच्या मुलाने करून दिले. आता तो दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, फोन क्वचित उचलतो, आणि संकेतस्थळाची मुदत संपत आल्याचे कळते. पासवर्ड आमच्याकडे नाहीत. काय करावे? — एक व्यापारी, सांगली

उत्तर : आपण ज्याला एकच वस्तू समजत आहात, त्या तीन आहेत : डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा आणि त्या जागेत ठेवलेला मजकूर. जागा नवी घेता येते आणि मजकूर पुन्हा लिहिता येतो; नाव गेले तर त्याबरोबर त्या नावावर चालणारे ईमेल आणि पिशव्यांवर छापलेला पत्ता, दोन्ही जातात. म्हणून सर्व बळ आधी नावावर लावा.

इंटरनेटवर ‘हूइज’ शोधाची सोय विनामूल्य आहे. तेथे आपले डोमेन टाकल्यास ते कोणत्या निबंधक कंपनीकडे नोंदले आहे आणि त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे कळेल. मालकाचे नाव बहुधा झाकलेले असेल. नंतर त्या मुलाला भांडणाच्या सुरात नव्हे, तर लेखी आणि नेमकी विनंती करा : निबंधकाच्या खात्यात मालक म्हणून आपल्या व्यवसायाचे नाव व ईमेल घालावा, डोमेनचे कुलूप काढावे आणि हस्तांतरणाचा ऑथ कोड पाठवावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि बहुतेक वेळा अडचण वाईट हेतूची नसून आळसाची असते. त्याचा कामाचा काही मोबदला राहिला असेल, तर तो याच वेळी देऊन टाकावा. मुदत अगदी तोंडावर आली असेल, तर हस्तांतरण नंतर होऊ द्या. आधी त्याच्याकडून जुन्याच खात्यात नूतनीकरण करून घ्या आणि त्याचे पैसे आपण भरा.

मुलगा दाद देत नसेल, तर निबंधक कंपनीला मूळ बिले, व्यवसायाची नोंदणी आणि पत्रव्यवहार दाखवून विचारणा करता येते. तथापि नोंद त्याच्या नावावर असेल, तर कंपनी केवळ आपल्या सांगण्यावरून ती बदलणार नाही. ‘डॉट इन’ नावांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते आणि तिच्या धोरणानुसार अशा वादांत लवादाकडे जाता येते. तेथे त्या नावावर आपला हक्क आहे आणि समोरच्याने ते वाईट हेतूने अडवले आहे, हे सिद्ध करावे लागते. व्यापारचिन्हाची नोंदणी नसलेल्या लहान व्यापाऱ्याला ही वाट खर्चाची पडते. माझ्या मते अशा वेळी नवे नाव घेऊन सर्व ग्राहकांना एका दिवसात कळवणे स्वस्त पडते.

नव्याने करताना डोमेनचे खाते आपल्याच ईमेलवर आणि मोबाइल क्रमांकावर उघडा, पैसे आपल्याच कार्डावरून भरा आणि काम करणाऱ्याला तेवढ्यापुरता प्रवेश द्या. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून भुलू नका. नूतनीकरणाचा दर विचारूनच कंपनी निवडा.

प्रश्न : येवल्यात आमचे पैठणीचे हातमाग आहेत. माहितीपत्रकाचा मराठी मजकूर डीटीपीवाल्याने जुन्या टंकात (फॉन्टमध्ये) बसवला होता. तोच संकेतस्थळावर घातला, तर अक्षरे विचित्र दिसू लागली, म्हणून आता संपूर्ण पत्रक चित्र म्हणून लावले आहे. हे चालेल का? — एक विणकर, येवला

उत्तर : चालणार नाही. चित्रातील मजकूर शोधयंत्राला धडपणे वाचता येत नाही, मोबाइलच्या पडद्यावर तो मुंगीएवढा दिसतो आणि अंध ग्राहकाच्या वाचक-प्रणालीला तेथे काहीच सापडत नाही. छपाईसाठी वापरले जाणारे जुने मराठी टंक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवतात, आणि तो टंक नसलेल्या यंत्रावर ते आकार गळून पडतात. संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, हवा. रूपांतर करणारी साधने विनामूल्य मिळतात, परंतु रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांसारखे शब्द आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला, कारण नेमकी तीच तुटतात. टंकासाठी खर्च करण्याची आवश्यकता नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टंक, तसेच गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’, मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. पानाची भाषा मराठी आहे, अशी खूण आतल्या संकेतावलीत (कोडमध्ये) करायला सांगा. ती असली की काही टंकांत ल आणि श यांची आपली मराठी वळणे आपोआप उमटतात.

ग्राहक मात्र ‘पैठणी’ हा शब्दसुद्धा बहुतेकदा रोमन अक्षरांत टंकून शोधतो. म्हणून इंग्रजी मजकुराचे पान वेगळ्या पत्त्यावर ठेवा आणि ते माणसाकडून लिहून घ्या. यंत्राने केलेल्या भाषांतरात आसावली आणि मुनिया या पैठणीवरील नक्ष्यांच्या नावांचे काय होते, ते एकदा पाहाच.

छायाचित्रांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी पैठणीच्या संकेतस्थळाचे यश त्यांवरच अवलंबून असल्याने लिहितो. साडी नेसलेल्या मॉडेलच्या छायाचित्राआधी पदराची उलटी बाजू दाखवा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत नक्षी उलट बाजूनेही तशीच स्वच्छ दिसते, तर यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. हा फरक दाखवणारी दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी लावली, तर आपला भाव जास्त का आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही. रंगासाठी फ्लॅश टाळून सकाळच्या सावलीत छायाचित्रे काढा; पडद्यावरील आणि प्रत्यक्षातील रंगात थोडा फरक पडू शकतो, ही सूचनाही लिहा. कॅमेऱ्यातून आलेली मोठी छायाचित्रे तशीच चढवू नका, वेबपी या हलक्या चित्रप्रकारात लहान करून घ्या. पानावरील मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असे गूगलचे मोजमाप आहे, आणि खेड्यातील मोबाइलवर ते जड छायाचित्रांनीच बिघडते. सिल्क मार्क किंवा हातमाग चिन्ह घेतले असेल, तर त्याचे लेबल दिसेल असेही एक छायाचित्र असू द्या.

प्रश्न : माझे ब्लाऊज व ड्रेस शिवण्याचे छोटे दुकान आहे. गिऱ्हाईक आसपासच्या चार पेठांतलेच. मीही संकेतस्थळ करावे का? — एक शिवणकाम व्यावसायिक, सातारा

उत्तर : तूर्त करू नये. आपल्याला हवे आहे ते ‘जवळचा टेलर’ असे शोधणाऱ्याला दुकान नकाशावर दिसणे, आणि त्यासाठी गूगलवरील व्यवसाय-नोंद विनामूल्य करता येते. तीत दुकानाचे नाव पाटीवर आहे तसेच, एका अक्षराचाही फरक न करता लिहा. पत्ता, वेळा आणि साप्ताहिक सुट्टी भरा, आणि पडताळणी पूर्ण करा. पाटीचे व दुकानाच्या दाराचे छायाचित्र अवश्य टाका, कारण गल्लीत शिरलेल्या नव्या गिऱ्हाइकाला त्याचाच उपयोग होतो. समाधानी गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांगावे, परंतु त्याबदल्यात शिलाईत सूट देऊ नये; गूगलच्या नियमांत ते बसत नाही. दिवाळी आणि लग्नसराईत नवे काम घेणे बंद करता, तेव्हा तसे नोंदीत लिहून ठेवा. पुढेमागे शिवणवर्ग सुरू केलेत किंवा परगावची मापे टपालाने घेऊ लागलात, तर संकेतस्थळाचा विचार तेव्हा करता येईल.