एवढ्या लोकांना मदत करतो, पण माझं नाव कुठेच नाही

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या संगणक क्षेत्रातल्या माणसांकडून एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की शेवटी त्यावर लिहायचं ठरवलं. "दिवसभर लोकांचे प्रश्न सोडवतो. कंपन्या-संस्थांच्या मानकऱ्यांची यादी जाहीर झाली की मात्र माझं नाव नसतं." हे सांगताना बहुतेकांची मान खाली जाते. मदतीचं श्रेय मागणं म्हणजे मनाचा कोतेपणा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. माझं मत वेगळं आहे. केलेल्या कामाची कुणीतरी दखल घ्यावी ही गरज भुकेइतकीच साधी आहे. ती दडपली की कडवटपणाच्या वाटेने बाहेर येते.

पुढची हकीकत एकाची नाही. अनेकांच्या भेटी एकत्र करून, ओळखीच्या खुणा बदलून ती लिहिली आहे.

तो सर्व्हर सांभाळणारा अनुभवी इंजिनिअर. पहिल्याच भेटीत मोबाइल काढून त्याने स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचे गुण दाखवले. उत्तराला एक पसंती मिळाली की 10 गुण, विचारणाऱ्याने उत्तर स्वीकारलं की 15. पसंतीच्या मतांतून दिवसाला 200च्या वर गुण मिळत नाहीत, हेही त्याला तोंडपाठ होतं. रात्री झोपण्याआधी तो हा आकडा बघायचा.

"आकडा वाढलेला असला की झोप लागते?" मी विचारलं.

"नाही. मग उद्या वाढेल का, याचा विचार सुरू होतो."

इथे मला 1973 सालचा एक प्रयोग आठवतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेली लहान मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर दिलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षीस ठरवून मिळालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. बक्षीस वाईट नसतं. काम बक्षिसासाठीच चाललंय असं वाटू लागलं की आतली ओढ आटते. माझ्या कामाचा पाया हाच विचार आहे. तरीही "पुरस्काराचा नाद सोडा" असं मी कुणाला सांगत नाही. त्या माणसाचा पगार, बढती, पुढची संधी कधीकधी त्यावरच अवलंबून असते.

मी त्याला दोन आठवड्यांचं काम दिलं. केलेली प्रत्येक मदत वहीत लिहायची: कुणी विचारलं, काय अडलं होतं, कुठे विचारलं, किती मिनिटं गेली.

वही आली ती भरगच्च. 41 नोंदी. त्यांतल्या 33 खासगी निरोपांत किंवा फोनवर दिलेल्या. आणि 11 वेळा प्रश्न एकच: डॉकर कंपोझने (ॲप्लिकेशन, डेटाबेस असे भाग आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त डब्यांत, एकत्र चालवणारं साधन) सगळं सुरू केलं की ॲप्लिकेशन "कनेक्शन रिफ्यूज्ड" (जोडणी नाकारली) म्हणून कोसळतं. कारण त्याला पाठ होतं. डिपेन्ड्स-ऑन (हा भाग कशावर अवलंबून आहे ते सांगणारी ओळ) एवढंच लिहिलं तर डेटाबेसचा कंटेनर सुरू होईपर्यंतच वाट बघितली जाते. आतला डेटाबेस जोडणी घ्यायला तयार आहे की नाही, हे कुणी तपासत नाही. डेटाबेसला हेल्थचेक (तो तयार आहे का हे बघणारी तपासणी) लावायचा आणि डिपेन्ड्स-ऑनमध्ये "सर्व्हिस हेल्दी" ही अट घालायची. हे त्याने 11 जणांना, 11 वेळा, पहिल्यापासून टाइप करून सांगितलं होतं.

"एकदाच सगळ्यांना दिसेल असं का लिहिलं नाही?"

"वेळ मिळाला नाही."

"11 वेळा लिहायला मिळाला."

तो बराच वेळ गप्प राहिला. अशा वेळी घाई करायची नाही, हे मला अनुभवाने कळलंय. वहीचं पान उलटसुलट करत शेवटी तो म्हणाला, "एकदा लिहून टाकलं तर मला कोण विचारेल?"

सगळी गाठ या एका वाक्यात होती. लोक विचारायला येतात, हीच त्याची खरी पावती होती. ती पावती जपण्यासाठी तो ज्ञान हातात राखून ठेवत होता, आणि त्यामुळेच त्याचं काम कुणाला दिसत नव्हतं. मान देणाऱ्यांनी डोळेझाक केली नव्हती. त्यांच्यासमोर बघायला काही आलंच नव्हतं. "मी उपयोगी पडलो तरच माझी किंमत" हे गणित त्याने केव्हातरी लहानपणीच मांडलं असावं. मी हे त्याला समजावून सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि विषय संपला असता. ते त्याच्या तोंडून आलं, म्हणून त्याला हलवता आलं.

पुढच्या भेटी बऱ्याचशा व्यवहाराच्या होत्या, आणि वाचणाऱ्याला तोच भाग जास्त उपयोगी पडेल.

खासगीत प्रश्न आला की नम्रपणे म्हणायचं, "हा सगळ्यांसमोर विचारा, मी तिथेच उत्तर देतो." उत्तरात चार गोष्टी हव्यात: कोणती आवृत्ती, चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा, तो प्रश्न दाखवणारं छोट्यात छोटं उदाहरण, आणि असं का होतं याचं कारण. बरेच जण कारण गाळतात. मग उत्तर त्या दिवसापुरतं चालतं, आवृत्ती बदलली की निकामी होतं.

नोंद दर आठवड्याला पंधरा मिनिटं बसून करायची. "400 प्रश्न सोडवले" या वाक्याने कुणाचं समाधान होत नाही. तारीख, दुवा, अडचण आणि त्यानंतर काय बदललं, हे हवं. मायक्रोसॉफ्टचा एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) हा इतरांना मदत करणाऱ्या जाणकारांना दिला जाणारा मान एका वर्षापुरता असतो आणि त्यासाठी मागच्या बारा महिन्यांचं काम बघतात. वर्षअखेरीला आठवून लिहायला बसलं तर निम्मं निसटतं, आणि तीन वर्षांपूर्वीची चांगली कामं तिथे मोजली जात नाहीत. अर्थात सगळीकडे असं नाही. अपाचे फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत कमवलेलं स्थान मुदतीने संपत नाही, आणि तिथे केवळ कोड लिहिणाऱ्यालाच मान मिळतो असंही नाही. डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रकल्पानेही 2010 मध्ये मतदान घेऊन, पॅकेज (सॉफ्टवेअरचे बसवायला तयार संच) न बनवणाऱ्या पण इतर काम करणाऱ्यांना पूर्ण सभासद करून घ्यायचं ठरवलं. आपली मदत कोणत्या जातीची आहे ते बघून दार निवडावं.

दुसऱ्याचा कोड त्याच्या शेजारी बसून सुधारला असेल तर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सह-लेखक म्हणून नाव लागू शकतं. कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) संदेशात शेवटी एक ओळ मोकळी सोडून "को-ऑथर्ड-बाय" आणि त्यापुढे नाव व ईमेल लिहायचा. ईमेल गिटहब खात्याला जोडलेला नसेल तर श्रेय खात्यावर चढत नाही. चूक होते ती बहुतेक इथेच. आणि ही ओळ लिहायला सांगताना संकोच कसला? ती खरी माहिती आहे.

सर्वांत अवघड गेलं ते शिफारस मागणं. ती अनोळखी मोठ्या माणसाकडे मागू नये. ज्याने आपलं काम डोळ्यांनी पाहिलंय त्याच्याकडे मागावी आणि सोबत पाच-सहा ओळींची टिपणी, तीन दुवे द्यावेत, म्हणजे त्याला आठवत बसावं लागत नाही. आमच्या खोलीत त्याने ते वाक्य मोठ्याने चार वेळा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा त्याने सुरुवात "माफ करा, त्रास देतोय" अशी केली. चौथ्यांदा सरळ म्हणाला, "तुम्ही माझं काम बघितलंय. माझी शिफारस कराल का?"

नोकरीतही तसंच. मदतीचे तास आठवड्याला किती, हे वरिष्ठांशी आधी बोलून लेखी उद्दिष्टांत घालून घ्यावं. मूल्यमापनाच्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं तर ते कामचुकारीची सबब वाटतं. त्याने आठवड्याला चार तास ठरवले आणि रात्रीची उत्तरं बंद केली.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. मान मिळालेलेही माझ्याकडे येतात. पुढच्या वर्षी नूतनीकरण झालं नाही तर, या भीतीने त्यांची झोप उडालेली असते. म्हणून गाठ आधी सुटलेली बरी.

शिफारस गेली. निकाल यायचा होता, तेव्हाची आमची शेवटची भेट. त्याने तो विषय काढलाच नाही. त्याला दुसरंच सांगायचं होतं. कंटेनरच्या प्रश्नावरचं त्याचं लेखी उत्तर आता लोक परस्पर एकमेकांना देत होते. त्याखाली एका नवख्या मुलीने लिहिलं होतं की तीच चूक आणखी एका कारणाने येते: कंटेनरच्या आतून डेटाबेसचा पत्ता "लोकलहोस्ट" दिला तर तो त्याच कंटेनरकडे बोट दाखवतो, तिथे डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव द्यायला हवं.

"हे माझ्याकडून राहून गेलं होतं," तो म्हणाला. "आधी छातीत धस्स झालं. मग दुरुस्ती वरती घातली, आणि तिच्या नावासकट घातली."