तरंगेल, पण थांबणार नाही

प्रश्न : माझं सोन्याचांदीचं दुकान आहे. भिंतीपलीकडे यंत्रमाग. माग सुरू झाले की काट्यावरचा शेवटचा आकडा नाचायला लागतो. गिऱ्हाईक आधी काट्याकडे बघतं, मग माझ्याकडे. थंड केलेल्या सुपरकंडक्टरवर लोहचुंबक तरंगताना व्हिडिओत पाहिलं. काटा असा अधांतरी ठेवला, तर थरथर थांबेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही थांबणार. पण कल्पनेला हसू नका, ती ज्यांनी करून पाहिली त्यांना पुढे नोबेल मिळालं. झुरिचजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोहरर यांनी 1981 साली पहिला टनेलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे सुईने पृष्ठभागावरचे अणू टिपणारं उपकरण, चालवला. त्यात सुई आणि नमुना यांच्यामध्ये जेमतेम दोन-चार अणू मावतील एवढीच फट. कोणी दार आपटलं तरी सुई आपटायची. म्हणून त्यांनी उपकरणाला चुंबक लावून ते शिशाच्या सुपरकंडक्टर वाडग्यावर तरंगत ठेवलं. शिसं सुपरकंडक्टर व्हायला, म्हणजे त्याचा विद्युतरोध शून्य व्हायला, उणे 266 अंशांपर्यंत थंड करावं लागतं, त्यापायी तासाला 20 लिटर द्रव हेलियम उडून जायचं. पुढे त्यांनी हे सोडलं आणि साध्या स्प्रिंगा लावल्या. सोबत तांबं आणि चुंबक.

हे तांबं कशाला, ते मी माझ्याच चुकीतून शिकले. असाच मायक्रोस्कोप मी कित्येक वर्षं सांभाळला. स्प्रिंगांवर टांगलेली चौकट, तिला तांब्याच्या पट्ट्या, पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना चुंबक. पट्ट्या चुंबकांना कुठेच टेकलेल्या नाहीत. बोटाने ढकललं तर चौकट मधात बुडवल्यासारखी सरकायची आणि जागेवर येऊन गप्प. एकदा साफसफाईनंतर मी पट्ट्या बसवायलाच विसरले. चौकट डोलत राहिली, डोलतच राहिली. मी चहा घेऊन आले तरी चालूच. त्या दिवशी दोन सुया गेल्या.

मोटरसायकलवाल्यांना हे लगेच कळतं. शॉकअपमध्ये स्प्रिंग असते आणि तेल असतं. स्प्रिंग धक्का झेलते, तेल तो जिरवतं. चुंबकासमोर तांबं हललं की त्यात भोवऱ्यासारखा वीजप्रवाह फिरतो, तांब्याच्या विद्युतरोधामुळे त्याची उष्णता होते आणि हालचाल तेवढी खर्ची पडते. जुन्या वीजमीटरमधली ॲल्युमिनियमची चकती आठवते? तिच्या कडेला चुंबक असायचा तो याच ब्रेकसाठी.

आता गंमत. हेच तांबं द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 अंशांना बुडवलं की त्याचा रोध सात-आठ पटींनी घटतो आणि संथ हालचालीला ब्रेक उलट जास्त लागतो. मग रोध शून्यच केला तर? तर ब्रेकच गेला! प्रवाह फिरतो, पण जिरत काहीच नाही. सुपरकंडक्टर म्हणजे नुसती स्प्रिंग, तेलाशिवाय. व्हिडिओत चुंबकाखाली असते त्या सुपरकंडक्टरच्या काळ्या वडीत चुंबकीय रेषा जागोजागी अडकून बसतात. चुंबक जोरात ढकललात तर त्या जागा बदलतात आणि थोडी ऊर्जा खातात. बारीक थरथरीला मात्र त्या दाद देत नाहीत, आणि तुमचा त्रास बारीक थरथरीचाच आहे. म्हणून ज्यांना खरोखर स्पर्श नको असतो ते दोन्ही वापरतात: तरंगवायला सुपरकंडक्टर, शमवायला शेजारी तांबं.

तुमच्या काट्याला यातलं काही नको. हवा भरलेल्या ट्यूबवर फरशी ठेवायचा सल्ला कोणी देईल, तोही ऐकू नका. अशी ट्यूब स्वतःच सेकंदाला तीन-चार हेलकावे घेते. साधा माग सेकंदाला दोन-तीन ठोके देतो. दोघांचं सूत जुळलं तर आकडा आणखी नाचेल. कडाप्प्याची जाड फरशी घ्या आणि मागांपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, थेट जमिनीवरच्या विटांच्या ओट्यावर बसवा. खोलीच्या मधोमध किंवा माळ्यावर नको. काट्याच्या सेटिंगमध्ये आकडा स्थिरावण्याचा वेळ वाढवता येतो, तोही वाढवा. आणि हौसेनेसुद्धा काट्याजवळ चुंबक नेऊ नका. अचूक काट्यांच्या पोटात बहुधा चुंबक असतोच, वजनच चुकेल.

ओटा होईपर्यंत नाजूक वजनं माग बंद असतील तेव्हा करा. रोहररसुद्धा विद्यार्थिदशेत सुपरकंडक्टरवरची मोजमापं मध्यरात्रीनंतर, गाव झोपल्यावर घ्यायचे.