ऑनलाइन मागवलेली सायकल घरीच जोडता येईल का? पुढे देखभाल कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की १३ वर्षांच्या मुलासाठी गिअरची सायकल मागवली, ती ‘८५ टक्के जोडलेली’ म्हणून खोक्यातून आली, आणि जवळच्या दुकानदाराने ‘आमच्याकडून घेतली नाही, आम्ही हात लावणार नाही’ असं सांगितलं. घरी नक्की जोडता येते. घाई केली नाही तर दोन तासांचं काम आहे. उरलेल्या १५ टक्क्यांत हँडल, पुढचं चाक, पुढचा ब्रेक, पायडलं आणि सीट असतं. नेमक्या याच गोष्टींवर मुलाचा जीव असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक नियम. कुठलाही बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे आत गेला पाहिजे, पाना त्यानंतर. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके बसतायत. काढा, पुसा, परत लावा. पाना लावून जोर करू नका.

हे मी माझ्या चुकीतून शिकलोय. मुलीची पहिली मोठी सायकल जोडताना मी उजवं पायडल डाव्या बाजूला लावलं. अर्धा फेरा गेलं आणि अडकलं. नवीन आहे म्हणून घट्ट असेल असं वाटलं, आणि लांब पाना लावून दाबत नेलं. पायडलाचा दांडा स्टीलचा, क्रँक (पायडल ज्यात बसतं तो फिरणारा हात) ॲल्युमिनियमची. दांड्याने क्रँकचे आटे कापत नेले. तिसऱ्या दिवशी चढावर ती उभं राहून पायडल मारत असताना ते मुळापासून निघालं आणि ती कोपरावर पडली. क्रँकच्या भोकातून ॲल्युमिनियमची बारीक चकाकणारी तार लोंबत होती, ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. क्रँक बदलावी लागली. मुलीला खरचटण्यावर भागलं, पण मागून गाडी असती तर काय, हा विचार कित्येक रात्री सुटला नाही.

तर पायडलाच्या दांड्याच्या टोकावर L आणि R कोरलेलं असतं, ते उजेडात बघा. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळतं. लक्षात ठेवायचं तर एवढंच की दोन्ही पायडलं पुढच्या चाकाकडे फिरवली की आवळतात. आट्यांना बोटभर ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी ती निघणार नाहीत. आवळायला १५ मिलिमीटरचा पाना लागतो, आणि इथे मात्र शेवटी चांगला जोर द्यायचा.

दुसरी चूक मी सोसायटीत इतक्या वेळा बघितली आहे की आता नवीन सायकल दिसली की नजर आधी तिथेच जाते. पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, उलटा बसवलेला असतो. खोक्यात जागा वाचावी म्हणून तो मागे वळवलेला असतो आणि लोक तसंच हँडल घट्ट करतात. मग चाक पायाकडे सरकतं, वळताना बूट चाकाला घासतो आणि ब्रेकची केबल विचित्र ताणली जाते. रिमवर दाबणारा ब्रेक असेल तर त्याचे हात चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसले पाहिजेत. डिस्क ब्रेक असेल तर त्याची चकती सायकलवर बसल्यावर तुमच्या डाव्या हाताला आली पाहिजे.

हँडलचे दोन प्रकार. जुन्या पद्धतीत हँडलची दांडी चिमट्याच्या नळीत आत जाते. तिच्यावर एक रेघ असते आणि ती रेघ बाहेर दिसता कामा नये. मुलगा उंच झाला म्हणून हँडल त्या रेघेच्या वर ओढलं तर ते हातात निघून येऊ शकतं. नव्या पद्धतीत वर टोपीचा एक बोल्ट आणि बाजूला दोन बोल्ट असतात. टोपीचा बोल्ट हँडल पकडून ठेवत नाही, तो फक्त आतल्या बेअरिंगचा ढिलेपणा काढतो. म्हणून बाजूचे दोन्ही सैल ठेवा, टोपीचा हळूच आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खटखट थांबली आणि हँडल मोकळं फिरतंय, की पुरे. मग हँडल चाकाशी सरळ करा आणि बाजूचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळा. आता चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल पिळून बघा. जरा जरी सरकलं तरी सायकल बाहेर काढू नका.

पुढच्या चाकाला खटका, म्हणजे क्विक रिलीज, असेल तर तो नटासारखा गोल गोल फिरवून आवळायचा नसतो. समोरचा नट इतपत फिरवा की खटका आसाच्या रेषेत सरळ बाहेर आल्यावर हाताला जोर लागायला लागेल, मग तळव्याने दाबून मिटवा. तळव्यावर वळ उठला पाहिजे. मुलाकडूनही हे एकदा करून घ्या.

आता ब्रेक. रबर पूर्णपणे रिमवर बसलं पाहिजे. वर टायरला लागलं तर टायर फाडतं, खाली घसरलं तर आऱ्यांत जातं. दोन्ही बाजूंना साधारण १ ते २ मिलिमीटर फट ठेवा. हँडलवरचा ब्रेकचा खटका पूर्ण दाबला तरी तो मुठीला टेकता कामा नये, टेकला तर केबल ओढून घ्या. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, पण प्रत्येक वेळी केबल बोटाने धरून ती कुठे जाते ते बघा, आणि मुलाला दाखवा. दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूहळू दाबायची सवय आधी मैदानात लावा.

सीटची उंची: टाच पायडलावर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकतो. मोजूनच करायचं तर जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाला ०.८८३ ने गुणा. माप ७५ सेंटिमीटर असेल तर क्रँक ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत साधारण ६६ येतं. नवशिक्या मुलासाठी सुरुवातीला दोन-तीन सेंटिमीटर खालीच ठेवा, पाय टेकल्याचा धीर लागतो. सीटच्या दांडीलाही रेघ असते, तीही आतच हवी.

गिअर बहुधा लावूनच येतात. मागच्या गिअरच्या H आणि L लिहिलेल्या स्क्रूंना उगाच हात लावू नका. L बिघडला तर चेन आऱ्यांत शिरते. गिअर बदलताना नुसती टकटक होत असेल तर केबलच्या टोकाशी असलेली छोटी चकती अर्धा फेरा फिरवून बघा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

पहिल्या १०० ते १५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. केबली बसतात, ब्रेक सैल पडतो. नवीन सायकलीत हे होतंच, घाबरू नका.

त्यानंतर दर आठवड्याला हवा बघा. किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. त्यावर ४०-६५ पीएसआय असेल तर १३ वर्षांच्या मुलाच्या वजनाला ४५ च्या आसपास चालतं. पेट्रोल पंपावर भरत असाल तर उभं राहून लक्ष ठेवा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडीच आणि पंपाचं यंत्र भरतं झपाट्याने. पंक्चर काढल्यावर नुसतं ठिगळ लावून मोकळे होऊ नका, टायरच्या आतून फडकं फिरवा. बाभळीच्या काट्याचं टोक आतच राहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ट्यूब पुन्हा बसते. बोट फिरवू नका, तार असेल तर कापतं.

चेनला खोबरेल तेल, इंजिन ऑइल असलं काही लावू नका. डब्ल्यूडी-४० नावाचा स्प्रे जुना चिखल-ग्रीस सोडवायला ठीक आहे, पण तो चेनचं वंगण नव्हे. सायकलच्या चेनचं तेल छोट्या बाटलीत मिळतं. आधी चेन कोरड्या फडक्यात धरून पायडल मागे फिरवा, फडकं काळं होणं थांबेपर्यंत. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब. दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. तेल आतल्या पिनेला हवं असतं, बाहेर राहिलं तर धूळ धरतं आणि ती धूळ कानशीसारखी दातरे खाते. पावसात भिजून आली की त्याच दिवशी पुसा, सकाळपर्यंत तांबेरा चढलेला दिसतो. डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा एक तुषारही डिस्कवर उडू देऊ नका, पॅड तेल पितात आणि ब्रेक लागत नाही.

चेन झिजली का ते फूटपट्टीने कळतं. एका पिनेच्या मध्यापासून १२ इंचांवर बरोबर पिनेचाच मध्य आला पाहिजे. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदला, नाहीतर मागचे दातरेही बदलावे लागतील.

चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढणं आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकमधली हवा काढणं ही कामं मात्र मिस्त्रीकडेच न्या. आरा चुकीचा पिळला तर चाक आणखी वाकडं होतं.

मुलाला बसवण्याआधी सायकलचा समोरून एक आणि डाव्या बाजूने एक फोटो काढून इथे टाका. चिमटा आणि ब्रेक नीट बसलेत का ते बघून सांगतो.