दाण्याचं बटर होईना, कूटच होतं

प्रश्न : मिक्सरमध्ये पीनट बटर करताना कोरडं कूटच राहतं. तेल घालू का?

उत्तर : तेल नको, पाणी तर मुळीच नको. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. ते सुटायला ऊब आणि वेळ लागतो. बुरशी लागलेले, सुरकुतलेले दाणे आधी निवडून टाका, त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. पाव किलो दाणे मंद आचेवर 12-15 मिनिटं भाजा, सालं पाखडा आणि कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात फिरवा. आधी कूट, मग भांड्याच्या कडेला चिकटणारा गोळा, मग चकचकीत धार. बहुतेकजण गोळ्यापाशीच हार मानतात! अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडा. मोटर तापणार नाही. विकतच्या बाटलीवर घटकांत फक्त शेंगदाणे, फार तर मीठ असावं. वर तरंगणारं तेल ढवळून घ्या, ओतून देऊ नका.